नियम लिहिण्याआधी एक रात्र जागून काढा

प्रश्न : आमच्या वसाहतीला पाणी पुरवणारी संस्था लहान आहे. 640 नळजोडण्या, प्रत्येकीला मीटर, पाणी चोवीस तास. यंदा पाण्याची पातळी बरीच खाली गेली. आणि मी, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, नेमकी याच वर्षी कार्यकारिणीवर निवडून आले. पाणीबचतीची नियमावली करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका सदस्यांनी चौदा कलमांचा मसुदा दिलाय : गाडी धुतली तर दंड, झाडांना घराच्या क्रमांकाप्रमाणे सम-विषम तारखांना पाणी, नियम मोडणाऱ्याचा फोटो काढून पाठवणाऱ्याला बक्षीस, वगैरे. दुसरे म्हणतात दंडबिंड नको, गेल्या वर्षीपेक्षा 20 टक्के कमी वापरणाऱ्याला बिलात सूट द्या. अध्यक्ष म्हणतात दोन्ही करा. टाकीतून सुटणारं पाणी आणि बिलात येणारं पाणी यांत 'थोडी' तफावत आहे, पण ती सगळीकडेच असते, असंही ते म्हणतात. माझ्या एका बाजूला नऊ माणसांचं कुटुंब एका जोडणीवर राहतं, दुसऱ्या बाजूला एकटे आजोबा. दोघांना एकच नियम कसा लावू? दंड की सवलत? आणि हे सगळं करून मला याच लोकांत राहायचंय. – गळ्यात पडलेली

गळ्यात पडलेल्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळलो. 'थोडी'. चौदा कलमांवर चर्चा झाली, वीस टक्क्यांवर झाली, फोटोच्या बक्षिसावरही झाली. पण थोडी म्हणजे किती, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. वर्गात एखाद्या पोरानं 'उत्तर : थोडं' असं लिहिलं असतं तर तुम्ही किती गुण दिले असते?

म्हणून आधी दंडही नको आणि सवलतही नको. मसुदा खणात ठेवा आणि एक रात्र जागून काढा.

मी नोकरीची सगळी वर्षं पाणीपुरवठ्यात घालवली. या धंद्यातली सगळ्यात कामाची वेळ म्हणजे रात्री दोन ते चार. गाव झोपलेलं असतं, नळ बंद असतात, आणि तरीही मुख्य मीटरचा काटा जे काही फिरत राहतो ती तुमच्या संस्थेची खरी पत्रिका. टॉर्च, वही आणि घड्याळ घेऊन टाकीपाशी जा. बाहेर पडणाऱ्या पाइपावरच्या मीटरचा आकडा दोन वाजता लिहा, मग दर पंधरा मिनिटांनी लिहीत जा. घरोघरच्या टाक्या उशिरापर्यंत भरत असतील तर त्या भरून झाल्यावर सुरुवात करा.

आता तुमच्या विषयातलं. रात्री कुणी उठतं, कुठे एखादी टाकी अजून भरत असते, म्हणून जोडणीमागे तासाला दोन लिटर धरू. 640 जोडण्यांचे झाले तेराशेच्या आत-बाहेर. समजा मीटरनं तासाला सहा हजार दाखवले. उरलेले पावणेपाच हजार कुणी वापरत नाहीये, ते जमिनीत चाललेत. दिवसाचा हिशेब करायला त्याला चोवीसनं गुणू नका, वीसनं गुणा. रात्री वापर कमी असतो म्हणून पाइपातला दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणून गळतीही जास्त. दिवसा ती जरा उतरते. गुणाकार येतो 94 हजार लिटर. दर घराच्या नावावर रोज दीडशे लिटर, जे त्या घरानं पाहिलेलंही नाही. माणशी दिवसाला 50 ते 100 लिटर मिळाले तर मूलभूत गरजा भागतात, असं जागतिक आरोग्य संघटना धरते. म्हणजे प्रत्येक घरात तुम्ही एक न दिसणारा पाहुणा पोसताय, आणि मसुद्यातली चौदाही कलमं कुंड्यांच्या मागे लागलीत.

हे आकडे मी कल्पनेतले घेतलेत. तुमचे कमी निघोत. पण निघू तरी देत.

त्या रात्री फिटरला सोबत घ्या. एकेका भागाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मीटर किती उतरला ते लिहायचं. ज्या व्हॉल्व्हला आकडा धाडकन खाली येतो, गळती त्या गल्लीत. मग लोखंडी सळई. एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. वाहतं पाणी आणि गळतं पाणी यांचा आवाज वेगळा असतो. गळतीचा बारीक, सलग, दातांतून श्वास घ्यावा तसा. आमच्या संस्थेत एकदा असाच आवाज एका मोकळ्या प्लॉटच्या कडेला लागला. वर माती ठणठणीत कोरडी. खणलं तर खाली एक मेलेली जोडणी निघाली : घर पाडलं तेव्हा मीटर काढून नेला होता, पण पाइपाचं तोंड कुणी बंद केलंच नव्हतं. पाणी खालच्या खाली गटाराला मिळत होतं, किती वर्षं ते देव जाणे. त्याच महिन्यात आम्ही अकरा जणांना गाड्या धुतल्याबद्दल दंड केला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. त्या अकरांपैकी एकजण पुढे वर्षभर मला रस्त्यात दिसला की विचारायचा, "साहेब, सापडली का अजून एखादी?"

त्याचा टोमणा रास्त होता. लोक पाणी वाचवतात तेव्हा ते संस्थेवर एक प्रकारे विश्वास टाकत असतात, की मी इथे बादली वाचवली तर ती कुठेतरी उरेल. रस्त्यात फुटलेला पाइप आठ दिवस वाहताना दिसला की तो विश्वास संपला. मग कलमं चौदा करा नाहीतर चाळीस.

कंबोडियाच्या राजधानीची, नॉम पेन्हची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. 1993 मध्ये एक सोन चान ('एक' हे त्यांचं आडनाव) तिथल्या पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले, तेव्हा 72 टक्के पाण्याचा पैसाच येत नव्हता. काही गळत होतं, काही चोरीला जात होतं. त्यांनी मीटर बसवले, पाइप बदलले आणि वसुली वरून सुरू केली. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला गेले तर डोक्याला पिस्तूल लावलं गेलं. ते माघारी आले, बंदोबस्त घेऊन परत गेले आणि जोडणी तोडली. पंधरा-सोळा वर्षांत तो आकडा 6 टक्क्यांच्या आसपास आला. 2006 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या वसाहतीत पिस्तूल नसेल, पण बिल थकवलेला एखादा वजनदार सभासद असेलच. कार्यकारिणीतलाही असू शकेल. नियमावलीचं पहिलं पान तिथून सुरू होतं.

नॉम पेन्हमध्येही खबर देणाऱ्याला बक्षीस होतं, म्हणून तुमचे मसुदावाले सदस्य हेच उदाहरण तुमच्यावर उलटवतील. तेव्हा फरक सांगा. ते बक्षीस चोरट्या जोडणीच्या खबरीला होतं. चोरी ही चोरी. कुंडीला पाणी घालणारी शेजारीण चोर नाही. तिचा फोटो काढणाऱ्याला तुम्ही बक्षीस दिलंत तर तुमच्या हाती पाण्याऐवजी जुनी भांडणं लागतील, तारीख-वेळेसकट. हे कलम बिनदिक्कत खोडा.

सम-विषमचंही तसंच आहे, जरी ते कागदावर फार नेटकं दिसतं. दिवस वाटून दिला की माणूस म्हणतो, आज माझा दिवस आहे, मग झाडांना गरज असो-नसो, पाइप सुरू. अमेरिकेत रेनो शहराच्या परिसरात घरांचे वापर तपासले गेले, तेव्हा नेमून दिलेले वार काटेकोर पाळणाऱ्या घरांचा वापर सोयीप्रमाणे पाणी घालणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. शिवाय अर्ध्या वसाहतीचे नळ एकाच दिवशी सुटले की टाकीवर ताण येतो तो वेगळाच. त्यापेक्षा दिवसाची वेळ बांधा : ऊन चढल्यावर झाडांना पाणी नाही. उन्हात घातलेल्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, हे कुणालाही पटतं, आणि पटलेला नियम राखायला पहारेकरी लागत नाही.

माझ्या मते तुम्हाला तीनच नियम पुरतील. उन्हात बागेला पाणी नाही. हात सोडताच आपोआप बंद होणारी तोटी नसेल तर रबरी पाइपानं धुणं नाही, गाडी असो की अंगण, बादली घ्या. आणि घराबाहेर वाहून जाणारी गळती कळवल्यापासून सात दिवसांत दुरुस्त करायची, जी मुदत संस्थेच्या पाइपालाही लागू. शेवटचं अर्धं वाक्य मसुद्यात ठळक अक्षरांत छापा. त्याखाली कुणी नाक मुरडलं तर ते कोण आहेत ते बघून ठेवा.

दंड असावा, पण तिसऱ्या पायरीवर. पहिल्या वेळी माणूस घरी जाऊन बोलतो, दुसऱ्या वेळी चिठ्ठी, मग दंड. पहिल्या भेटीत निम्म्याहून अधिक गोष्टी मिटतात, हा माझा अनुभव, कारण निम्म्या लोकांना आपल्याकडून पाणी जातंय हेच ठाऊक नसतं.

आता सवलतीकडे. वीस टक्क्यांची सूट ऐकायला गोड आहे आणि मुळात अन्यायाची आहे. गेल्या वर्षी ज्यांनी मनसोक्त सांडलं त्यांना वीस टक्के कमी करणं म्हणजे एक नळ बंद करणं. जे आजोबा आधीच दोन बादल्यांत दिवस काढतात त्यांनी वीस टक्के कुठून आणायचे? तुम्ही उधळ्याला बक्षीस देताय आणि काटकसरी माणसाला सांगताय की तुझी काटकसर गेल्या वर्षीची, ती यंदा चालत नाही. 2015 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनी शहरी वापरात 25 टक्के कपात सक्तीची केली, तेव्हा हा प्रश्न लगेच पुढे आला. शेवटी सगळ्या पुरवठादारांना एकच आकडा न लावता, माणशी वापर आधी किती होता ते पाहून 4 ते 36 टक्क्यांपर्यंत वेगवेगळी उद्दिष्टं दिली गेली. आधीच कमी वापरणाऱ्यांना कमी, उधळ्यांना जास्त. शिवाय वीस टक्क्यांच्या सवलतीत आणखी एक गोम आहे : ज्या घरातला मुलगा शिकायला बाहेर गेला त्या घराला आपोआप सूट मिळणार, आणि ज्या घरात बाळ जन्मलं त्याला नाही.

पैसा द्यायचाच तर वर्तनाला देऊ नका, वस्तूला द्या. माणूस निश्चय करतो आणि महिन्याभरात विसरतो. एकदा बदललेली फ्लशची टाकी विसरत नाही. घरातल्या पाण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी ती एक असते. जुन्या टाक्या एका वेळेला तेरा लिटर किंवा त्याहून जास्त सोडतात, नव्या सहा किंवा त्याहून कमी. चार माणसं, प्रत्येकी पाच वेळा, दर वेळी सात लिटर वाचले, करा गुणाकार. रोजचे 140 लिटर, कुणीही काहीही लक्षात न ठेवता. न्यूयॉर्कनं 1994 ते 1997 या काळात सवलत देऊन सुमारे 13 लाख शौचालयं बदलून घेतली. तेवढं मोठं शहर लोकांना रोज उपदेश करत बसलं असतं तर काय झालं असतं, तुम्हीच ठरवा.

मात्र इथे डोळे उघडे ठेवा. कमी पाण्याच्या पहिल्या पिढीतल्या काही टाक्या इतक्या कुचकामी होत्या की लोक दोनदा फ्लश करायचे, म्हणजे बचत शून्य आणि चिडचिड दुप्पट. पुढे 2003 पासून उत्तर अमेरिकेत या टाक्यांची प्रत्यक्ष चाचणी सुरू झाली, सोयाबीनच्या लगद्याचे गोळे टाकून एका फ्लशमध्ये किती वाहून जातात ते मोजणारी. हसू नका, फार शहाणपणाची चाचणी आहे. सवलत देण्याआधी तुमच्याही संस्थेनं दोन-चार मॉडेलं कार्यालयातच बसवून महिनाभर वापरून बघावीत, आणि जी पास होतील त्यांनाच सवलत. जुनं भांडं संस्थेनं जमा करून घ्यावं आणि फोडावं, नाहीतर ते दुसऱ्या घरात जाऊन बसतं.

आणि 'आधी तुम्ही विकत घ्या, मग पावती दाखवा, मग तीन महिन्यांनी पैसे' असली योजना करू नका. तिचा फायदा ज्याच्या हाती आधीच पैसा आहे त्यालाच होतो, आणि तो ती टाकी एरवीही बदलणारच होता. ज्या घरात खरी गळकी टाकी आहे तिथे अर्जच पोचत नाही. त्यापेक्षा संस्थेनं घाऊक खरेदी करावी, आपला प्लंबर पाठवावा, आणि घरमालकाचा वाटा बिलात हप्त्यानं लावावा.

त्या प्लंबरच्या खिशात खाण्याच्या रंगाची एक बाटली ठेवा. फ्लशच्या टाकीत चार थेंब टाकायचे, फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबायचं. भांड्यात रंग उतरला की आतला रबर गेलाय. ही गळती आवाज करत नाही, दिसत नाही, आणि दिवसाला शेकड्यांनी लिटर नेऊ शकते. दर सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला तीसेक लिटर नेतो, त्याच्यावरून घरात भांडणं होतात. टाकीतला रबर त्याच्या कित्येक पट नेतो आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही. हा रंगाचा प्रयोग मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. निवृत्त झाल्यावर एकदा सहज स्वतःच्या घरी केला. भांडं निळं झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या बाबतीत पाषाण ओला होता एवढंच. बायको अजून पाहुण्यांना सांगते.

तुमच्याकडे मोठमोठी हिरवळ असेल तरच पुढचा परिच्छेद वाचा. लास वेगासच्या भागातल्या पाणी संस्थेनं लोकांना हिरवळ उपटून कमी पाण्याची झाडं लावायला चौरस फुटाप्रमाणे पैसे दिले. तिथल्या मोजणीत एका चौरस फुटामागे वर्षाला साधारण 210 लिटर वाचले. पैसे घेणाऱ्याला लिहून द्यावं लागतं की हिरवळ परत लावणार नाही, आणि ते बंधन जागेला चिकटतं. घर विकलं तरी सुटत नाही. सवलतीच्या अर्जात असलं एक कलम तुम्हालाही हवं. अनेक वर्षं पैसे देऊन झाल्यावर, 2021 मध्ये नेवाडा राज्यानं कायदा केला, की त्या भागातल्या रस्त्याकडेच्या वगैरे, निव्वळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी 2026 च्या अखेरीनंतर मिळणार नाही. आधी आमिष, मग बंदी. हा क्रम ध्यानात घ्या, कारण उलटा क्रम कुणीही सहन करत नाही.

नऊ माणसं आणि एकटे आजोबा. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि मोठमोठ्या देशांनाही तो नीट सुटलेला नाही. दक्षिण आफ्रिकेनं 2001 पासून दर कुटुंबाला महिन्याला 6,000 लिटर मोफत देण्याचं धोरण धरलं. हिशेब आठ माणसं, माणशी रोज 25 लिटर, तीस दिवस. म्हणजे ज्याच्या घरात आठाहून जास्त माणसं, किंवा ज्याच्या मीटरवर मागच्या खोल्यांतली दोन बिऱ्हाडं, त्याचा वाटा आटला, आणि बहुधा गरीब घरंच तशी असतात. वाढत्या टप्प्यांचे दर, म्हणजे वापर जास्त तसा लिटरमागचा दर जास्त, लावताना नेमकी हीच चूक होते : मोठं कुटुंब उधळं ठरतं. तुमच्या संस्थेत 640 च जोडण्या आहेत, हे इथे वरदान समजा. माणशी हिशेब करा. वर्षातून एकदा प्रत्येक घरानं माणसांची संख्या लिहून द्यायची, पहिला टप्पा माणशी ठरवायचा, आणि आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर वर थोडं जास्त. काही जण दोन माणसं वाढवून सांगतील. सांगू देत. 640 घरांच्या वसाहतीत कुणाच्या घरात किती माणसं राहतात हे गुपित राहत नाही.

दर किती चढवायचे याला मात्र आधार हवा, राग नको. कॅलिफोर्नियातल्या सॅन वान कॅपिस्ट्रानो शहराचे वाढत्या टप्प्यांचे दर 2015 मध्ये न्यायालयात अडकले, कारण वरच्या टप्प्याचं पाणी पुरवायला खरोखर तेवढा खर्च येतो हे शहराला दाखवता आलं नाही. कायदा तिथला, पण सभेतला प्रश्न तुमच्याकडेही तोच येणार : हा आकडा आला कुठून? वरच्या टप्प्याच्या दरामागचा हिशेब, म्हणजे टँकर, जादा पंपिंग, नवा स्रोत, जे काही असेल ते एका पानावर मांडून ठेवा.

मीटर आहेतच, तर बिलावर एक ओळ वाढवा : तुमच्याएवढ्या कुटुंबांचा सरासरी वापर इतका, तुमचा इतका. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीत 2007 मध्ये लाखाहून अधिक घरांवर हा प्रयोग झाला. नुसत्या बचतीच्या सूचना पाठवल्या तिथे फरक जेमतेम एक टक्का, तोही असून नसल्यासारखा. सूचनांबरोबर शेजाऱ्यांशी तुलना पाठवली तिथे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास घट, आणि ती जास्त वापरणाऱ्यांत जास्त. काही महिन्यांनी असर ओसरत गेला, तेव्हा ही ओळ वरचेवर लागते. यात एक खाचखळगा आहे, तो विजेच्या वापरावरच्या अशाच एका प्रयोगात दिसला : सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांना ते कळलं, आणि ते निर्धास्त होऊन जास्त वापरू लागले. त्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढला तेव्हा ते होते तिथेच राहिले. आजोबांच्या बिलावर हसरा चेहरा जरूर काढा. नावं मात्र फलकावर लावू नका, ना चांगल्यांची ना वाईटांची.

एक गोष्ट तुमच्या खजिनदारांना आजच सांगा, नाहीतर ती पुढच्या वर्षी तुमच्या अंगावर येईल. लोकांनी पाणी वाचवलं की संस्थेचं उत्पन्न घटतं. पंपाचं वीजबिल काहीसं उतरतं, पण पगार, कर्जाचे हप्ते, पाइपांची देखभाल तेवढीच राहते. दक्षिण आफ्रिकेतल्याच केप टाउन शहरानं फेब्रुवारी 2018 मध्ये माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा घातली. नळ बंद पडून लोकांना माणशी 25 लिटरसाठी रांगा लावाव्या लागतील, असा दिवस समोर दिसत होता. शहराचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून खाली आला आणि तो दिवस टळला. पण त्याच वर्षीच्या जुलैपासून जोडणीचा पाइप किती मोठा त्याप्रमाणे स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो भरावीच लागणारी रक्कम, बिलात आला, आणि लोक म्हणाले, आम्ही पाणी वाचवलं त्याची ही शिक्षा? संस्थेचंही खोटं नव्हतं. सांगायची वेळ चुकली की खरंही बोचतं. तुम्ही आधीच, नियमावलीच्या त्याच सभेत, सांगा की वापर इतका घटला तर स्थिर आकार इतका वाढेल, आणि नवा स्रोत शोधावा लागला असता तर त्याचा बोजा किती पडला असता. आकड्यांसकट. तेव्हा थोडी कुरकुर होईल. नंतर सांगितलंत तर बोंबाबोंब.

सांडपाणी बागेला वळवायच्या आणि छतावरचं पाणी साठवायच्या योजनाही लोक मागतील. छतावरच्या पाण्याला होकार द्या, पण सवलतीचा पहिला पैसा तिकडे नको. टाकी, फिल्टर, पाइप मिळून एका लिटरच्या बचतीमागे तो खर्च फ्लशच्या टाकीपेक्षा जड पडतो. अंघोळीच्या पाण्याला होकार द्यायचा तर ते साठवू देऊ नका. एक दिवस ठेवलं की वास येतो आणि तक्रार तुमच्या दारात.

त्याच लोकांत राहण्याचं म्हणाल तर, नियमावलीच्या आधी सभेच्या फलकावर एक कागद लागू दे. त्या रात्री टाकीपाशी मोजलेला आकडा, सापडलेल्या गळत्या, बुजवलेल्या गळत्या, आणि महिन्यानंतरच्या रात्री तोच आकडा पुन्हा. खाली कुणाचीही सही नको, नुसते आकडे. त्यानंतर तुम्ही शेजारणीकडे जाऊन रबरी पाइपाबद्दल बोललात तर ती दार लावणार नाही.

रात्री जाल तेव्हा टॉर्चमध्ये नवे सेल घाला, दोन वाजता जुने हमखास दगा देतात. आणि अध्यक्षांना सोबत न्या. मीटर त्यांनाच वाचू दे, आकडा तुम्ही लिहा.